सैल वाटी: .३०३ रायफल, शिशाची ओतीव गोळी आणि गॅस चेकचे एक प्रकरण

चांदमारीच्या पट्ट्यावर, रायफलच्या तोंडापासून दहा-बारा मीटर पुढे, कापलेल्या गवतात तांब्याच्या तीन चिमुकल्या वाट्या, म्हणजे गोळीच्या बुडाचे गॅस चेक, सापडल्या आणि तिथे या प्रकरणाला खरे वळण मिळाले. त्याआधीचे जवळपास दोन महिने मी उत्तर चुकीच्या जागी शोधत होतो. रायफल एका ज्येष्ठ सहनेमबाजांची होती: ली-एनफील्ड नंबर ४, पाच खाचांच्या नळीची (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा), बरीच वापरलेली पण नीट सांभाळलेली. त्यांना जॅकेटच्या (शिशावर तांब्याचे आवरण असलेल्या) गोळ्यांऐवजी घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांवर सराव करायचा होता आणि ओतकाम माझ्याकडे आले. काडतुसे पुन्हा भरण्याची कायद्याने मुभा असलेल्यांनीच करण्याचे हे काम आहे. दारूचे प्रमाण सर्व काळ ओतीव गोळ्यांच्या छापील तक्त्यातील खालच्या आकड्याजवळ ठेवले होते. ते येथे देत नाही, कारण दोष दारूत नव्हता.

तक्रार अशी होती की ५० मीटरवर पाच गोळ्यांपैकी तीन-चार तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ लागत आणि उरलेली एक किंवा दोन, कोणतेही कारण न देता, वीतभर बाजूला जात. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर नळी पुसली की चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) लगेच पुढच्या भागातून शिशाचे राखाडी, कागदासारखे पातळ पापुद्रे निघत. तोंडाकडची नळी मात्र स्वच्छ असे. हा तपशील मी नोंदवहीत लिहून ठेवला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. वंगण अपुरे पडले तर शिसे सहसा तोंडाकडच्या टोकाला धरते, कारण तिथे पोहोचेपर्यंत ते संपलेले असते; चेंबरपुढच्या घशातच शिसे धरले असेल, तर गोळी आणि नळी यांच्यामधल्या फटीतून वायू घुसतो आहे असे आधी समजावे.

गॅस चेक म्हणजे तांब्याची, तांब्याच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची उथळ वाटी. ओतीव गोळीच्या बुडाशी थोड्या कमी व्यासाचा एक आखूड भाग ठेवलेला असतो, त्याला शँक म्हणतात. वाटी त्या शँकवर चढवून दाबून घट्ट बसवायची असते. दारूच्या वायूने शिसे वितळते आणि वाटी ते वाचवते, असे पुष्कळदा सांगितले जाते. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते हे खरे, पण गोळी नळीत असते तो काळ एक-दोन मिलिसेकंदांचा. माझ्या मते खरे नुकसान उष्णतेपेक्षा फटीतून जोराने सुटणारा वायू करतो, जो बुडाची मऊ कड कापत जातो. वाटीची कडक कड ती वाट अडवते, बूड नळीला काटकोनात ठेवते आणि जाता जाता खाचांत धरलेले शिसेही खरवडून नेते. म्हणूनच सपाट बुडाची साधी ओतीव गोळी सेकंदाला १,३०० ते १,४०० फुटांच्या पुढे बहुधा कुरकुर करू लागते, तर चेक लावलेली गोळी २,००० फुटांपर्यंत व्यवस्थित चालते. आमचा वेग मापकावर सरासरी १,७०० फूट येत होता. या नळीत दहा इंचांत एक पीळ आहे, म्हणजे गोळी मिनिटाला सुमारे १,२२,००० फेरे घेत तोंडातून बाहेर पडते. इतक्या फिरकीत बुडाची वाटी अर्धवट सुटली, तर ती गोळी कुठे जाईल हे सांगता येत नाही.

चुकलेले दोन तर्क

पहिला संशय धातूवर गेला, आणि तो जाणे स्वाभाविक होते. आमचे शिसे टायर बॅलन्सिंगच्या जुन्या, चिमट्याच्या वजनांचे होते: शिसे, तीन-चार टक्के अँटिमनी आणि नाममात्र कथील. साच्यात धातू नीट भरावा म्हणून मी वरून दोन टक्के कथील घातले होते. (हल्ली अशा वजनांत जस्ताची वजनेही मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते, त्यामुळे वजने वितळवताना भांडे ४०० अंशांखाली ठेवले की ती वर तरंगतात आणि काढून टाकता येतात. एकदा का ती विरघळली की त्या शिशाने साचा नीट भरत नाही.) या धातूची ब्रिनेल कठीणता (आकडा मोठा तितका धातू कठीण) १२ च्या आसपास होती. कठीणतेच्या आकड्याला १,४२२ ने गुणले की धातू कोणत्या दाबाला, पाउंड प्रति चौरस इंचात, नमू लागेल ते कळते असा एक प्रचलित ठोकताळा आहे. त्याप्रमाणे आमचा धातू १७,००० ला नमतो, आणि रायफलमधला दाब त्याहून जास्त. "तुमचं शिसंच मऊ पडतंय हो," असे रायफलच्या मालकांनी म्हटले आणि मला ते पटले.

म्हणून पुढचा घाणा साच्यातून थेट पाण्यात टाकला. अँटिमनी असलेले शिसे असे एकदम थंड केले की काही दिवसांत बरेच कठीण होते. आमची कठीणता २० पर्यंत गेली. निकाल सुधारण्याऐवजी बिघडला. पाचपैकी दोन गोळ्या आता नेमाने बाहेर जाऊ लागल्या. त्यानंतर मी वंगण बदलले आणि मधमाश्यांचे मेण व ॲलॉक्स (एक तयार वंगण) यांचे समप्रमाणातले जुने, भरवशाचे मिश्रण वापरले. काहीच फरक पडला नाही. कठीण धातूने परिस्थिती का बिघडवली हे तेव्हा कळले नाही. वाट्या सापडल्यावर कळले. वाटीची कड शँकमध्ये रुतावी लागते, आणि शँक जितकी कठीण तितकी ती कमी रुतते. जो उपाय म्हणून केला त्यानेच दोष वाढवला होता.

मोजमाप

गवतातल्या तीन वाट्यांपैकी दोन आतून अगदी स्वच्छ होत्या. नीट बसलेली वाटी उपटून काढली तर तिच्या कडेवर शिशाचा ओरखडा राहतो. येथे तसा मागमूस नव्हता. तिसऱ्या वाटीच्या बाहेरच्या भिंतीवर एका बाजूला खाचांचे ठसे होते, दुसऱ्या बाजूला नव्हते, म्हणजे नळीतून जातानाच ती तिरकी झाली होती. मग २५ मीटरवरचे जुने कागद काढून पाहिले. दोन कागदांवर गोळीच्या छिद्रापासून चार बोटांवर नखाने कोरल्यासारखी अर्धचंद्राकृती चीर होती. इतके दिवस ती मला कागदाचीच फाटलेली कड वाटली होती.

आता नळीचे खरे माप घेणे भाग होते. जॅकेटचे तांबे आधी रसायनाने पूर्ण काढले, मग तेल लावून मऊ, शुद्ध शिशाचा लहान गोळा हळूहळू ठोकत नळीतून आरपार नेला. एनफील्डच्या पाच खाचांमुळे येथे अडचण येते: खाचेच्या बरोबर समोर खाच नसून दोन खाचांमधला उंचवटा असतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरने खाचेचा व्यास मिळत नाही, जे मिळते ते कमीच असते. मी गोळ्याभोवती एका वेढ्याची पातळ शिम-पट्टी गुंडाळली, बाहेरचा व्यास मोजला आणि पट्टीची जाडी दोनदा वजा केली. उत्तर ०.३१३५ इंच आले. .३०३ हा आकडा उंचवट्यांमधल्या व्यासाचा आहे. खाचांचा व्यास या रायफलींत ०.३१३ च्या आगेमागे असतो आणि जुन्या नळ्यांत त्याहूनही मोठा आढळतो. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या तापट ज्वाळेने यांचे घसे झिजलेले असतात हे वेगळेच. म्हणजे ०.३१४ ला साइझ केलेली, म्हणजे तेवढ्या छिद्राच्या डायमधून ढकलून त्या व्यासाची केलेली, आमची गोळी नळीसाठी बरोबर होती. प्रश्न गोळीत नव्हता.

मग वाटी मोजली. या साच्याची शँक सर्वसामान्य .३० कॅलिबरच्या चेकसाठी कापलेली आहे, आणि .३०३ च्या साच्यांत हे नेहमीचेच आहे. आमच्या गोळ्यांची शँक ०.२८३ ते ०.२८४ इंच भरली. त्यावर बोटाने चढवलेल्या वाटीचा बाहेरचा व्यास होता ०.३१२५. साइझिंग डाय ०.३१४. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. ज्या डायने वाटी दाबून शँकवर आवळायची, तिचे छिद्र वाटीपेक्षा दीड हजारांश इंचाने मोठे होते. यंत्रशाळेच्या भाषेत दीड थाऊ. डाय गोळीच्या अंगावरचे उंच पट्टे बरोबर घासत होती, वंगण बरोबर भरत होती, आणि वाटीला शिवतही नव्हती.

खात्री करण्यासाठी दहा वाट्यांच्या भिंती काळ्या मार्करने रंगवल्या, त्या गोळ्यांवर चढवल्या आणि नेहमीसारख्या डायमधून काढल्या. गोळीच्या पट्ट्यांवर चकाकी आली. वाट्यांचा काळा रंग मात्र दहाही गोळ्यांवर जसाच्या तसा होता. फक्त दोन वाट्यांच्या एका कुशीला सुईच्या टोकाएवढे ओरखडे दिसले. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, आणि धातू व वंगणाच्या मागे लागण्याआधी मी ती का केली नाही याचे माझ्याकडे चांगले उत्तर नाही. बहुधा कारण असे की .३० च्या इतर रायफलींत गोळी ०.३०९ किंवा ०.३१० ला साइझ होते, तिथे तीच वाटी आपोआप आवळली जाते, आणि चेक बसवणे ही साइझिंगच्या ओघात होणारी गोष्ट आहे अशी सवय हाताला लागते.

आवळण्याचा हिशेब

आधी निदान सिद्ध करायचे आणि मग कायमचा उपाय निवडायचा, असे ठरवले. निदानासाठी वाटी चढवलेल्या गोळ्यांचे फक्त बूड, वाटीच्या उंचीपुरतेच, ०.३१० च्या डायमध्ये दाबले आणि मग पूर्ण गोळी ०.३१४ मधून काढली. येथे तांब्याचा स्वभाव आडवा आला. कडक तांबे दाब सुटताच थोडे परत फुलते; ०.३१० मधून आलेल्या वाट्या ०.३११ मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या काही नखाने गोल फिरत होत्या. वाट्या आधी तापवून नरम केल्यावर हे जवळपास थांबले. पत्र्याच्या डबीत मूठभर वाट्या घालून मंद लाल होईपर्यंत तापवल्या आणि पाण्यात ओतल्या. तांबे पोलादासारखे पाण्याने कडक होत नाही. सावकाश थंड करा किंवा एकदम, ते नरमच राहते, आणि पाण्यामुळे काळा थर निघून जातो एवढाच फायदा. नरम वाटी ०.३१० मधून आल्यावर त्याच मापावर राहिली आणि पकडीने ओढल्याशिवाय निघाली नाही. निघाली तेव्हा कडेवर शिशाची रेघ घेऊन निघाली.

अशा चाळीस गोळ्या झाडल्या. दहा मीटरवर एक मोठा कोरा कागद लावला होता. त्यावर गोळीच्या छिद्राशिवाय एकही चीर उमटली नाही आणि गवतात एकही वाटी मिळाली नाही. बाजूला जाणाऱ्या गोळ्या थांबल्या. घशातले शिसे कमी झाले, पण पूर्ण गेले नाही, आणि तसे होणे अपेक्षित होते: ०.३१० ची वाटी ०.३१३५ च्या खाचेत पोहोचत नाही, त्यामुळे तिच्या कडेने वायू अजूनही शिशाच्या पहिल्या पट्ट्यापर्यंत जात होता.

कायमच्या उपायासाठी तीन वाटा होत्या. साच्यातील शँकची जागा घासून मोठी करणे ही पहिली, आणि ती मी लगेच बाजूला ठेवली, कारण साच्यातून काढलेला धातू परत घालता येत नाही. दुसरी वाट म्हणजे गोळीवर पावडर कोटिंग करणे, म्हणजे पुडीचा थर भाजून चढवणे. त्याने व्यासात साधारण एक ते दोन थाऊंची भर पडते आणि शँकही तेवढी फुगते. पण आमच्या हिशेबात त्याने वाटी ०.३१४५ वर आली असती, म्हणजे डायने तिला जेमतेम स्पर्श केला असता. शिवाय कोटिंग भट्टीत सुमारे २०० अंशांवर वीस मिनिटे शिजवावे लागते आणि पाण्याने आणलेली कठीणता तिथे निघून जाते. ही अडचण आता मला फारशी वाटत नव्हती, कारण कठीणतेची गरजच नव्हती हे कळून चुकले होते.

तिसरी वाट म्हणजे जाड पत्र्याच्या वाट्या स्वतः कापणे. हाताने चालवायच्या डायने पत्र्याची चकती कापून तिची वाटी करता येते, आणि येथे जाडी हा एकच निर्णय असतो. गणित सोपे आहे: शँकच्या व्यासात पत्र्याची जाडी दोनदा मिळवायची, जे येईल ते साइझिंग डायपेक्षा दोन ते पाच थाऊंनी मोठे असावे. ०.२८३५ च्या शँकवर ०.४ मिलिमीटरचा पत्रा ०.३१५ पर्यंत जातो, म्हणजे फक्त एक थाऊ आवळ मिळतो आणि परत फुलण्यात तो संपतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ०.३२३ च्या जवळ जातो. त्यात नऊ थाऊ दाबायचे म्हणजे शँक चेपणार आणि वाटी तिरकी जाणार. ०.४५ मिलिमीटरचा नरम ॲल्युमिनियमचा पत्रा ०.३१९ देतो, पाच थाऊंचा आवळ, आणि नरम धातूला तो झेपतो. तोच निवडला. मात्र प्रत्येक वाटी करणारी डाय ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठी मोकळीक ठेवून बनवलेली असते. तिला झेपेल त्याहून जाड पत्रा घातला तर वाटीचे तळ फाटतात, म्हणून डाय घेण्यापूर्वीच हा हिशेब करावा.

वाटी बसवण्याबाबत एक गोष्ट माझ्या हातून आधी सुटत होती. या साच्यात शिसे बुडाकडून ओतले जाते, म्हणजे शँक अगदी जादा शिसे कापणाऱ्या पत्तीखाली असते. वरचे शिसे पुरते गोठण्याआधी पत्ती फिरवली तर बुडाच्या मध्यावर खड्डा पडतो किंवा कडेला शिशाचा कंगोरा येतो. हा कंगोरा दिसायला नगण्य असतो, पण वाटी त्यावर एका बाजूने टेकते आणि तिरकीच आवळली जाते. म्हणून ओतलेल्या शिशाची चकाकी मावळल्यावर मी चार-पाच आकडे जास्त मोजून मगच पत्ती फिरवतो, आणि शँकच्या कडा गोलसर आलेल्या गोळ्या सरळ भांड्यात परत टाकतो. साइझिंगसाठी गोळी आरपार जाणारी डाय वापरली, जिच्यात गोळी नाकाकडून पुढे जाते आणि बूड सपाट दांड्यावर टेकलेले असते. दांडाच वाटीला तळापर्यंत बसवतो आणि मग डाय तिला आवळते.

मान आणि पुंगळी

ॲल्युमिनियमच्या वाट्यांनी गट आणखी बांधला गेला, तरी घशात शिशाची अगदी पुसट झाक राहत होतीच. तयार काडतुसातून एक गोळी त्यासाठीच्या खास (इनर्शिया) हातोड्याने परत काढून मोजली तेव्हा ती ०.३१२५ भरली, आत घालताना ती ०.३१४ होती. पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) मान जॅकेटच्या ०.३११ च्या गोळीसाठी मोकळी केलेली होती आणि पितळेने मऊ शिशाला आपल्या मापाचे करून टाकले होते. मोठा एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा दांडा) घातला, मानेचे तोंड किंचित रुंद केले, आणि काढलेली गोळी ०.३१४ वर राहू लागली.

हा बदल करताना दोन बाबी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाड गोळीने मान बाहेरूनही जाड होते. भरलेल्या काडतुसाची मान झाडलेल्या पुंगळीच्या मानेपेक्षा किमान दोन थाऊंनी लहान हवी. ती चेंबरमध्ये अडकून बसली तर गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. दुसरे म्हणजे गोळीचे बूड मानेच्या आतच थांबले पाहिजे. ते मानेखाली, दारूच्या जागेत गेले आणि वाटी सैल असली तर ती काडतुसातच सुटून पडू शकते. ती पुढे नळीत अडकली तर पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळेल. सैल वाट्यांच्या त्या दोन महिन्यांत आमच्या हातून असे झाले नाही हा केवळ योग म्हणायचा. तेव्हापासून एखाद्या गोळीचा आवाज वेगळा आला किंवा ती कागदावर कुठेच दिसली नाही, तर रायफल रिकामी करून, बोल्ट काढून नळीतून उजेड पाहिल्याखेरीज पुढचे काडतूस भरायचे नाही असा आमचा नियम आहे.

शेवटच्या तपासणीत साध्या, पाण्यात न टाकलेल्या १२ कठीणतेच्या धातूच्या साठ गोळ्या झाडल्या. ५० मीटरवर पाच गोळ्यांचे गट चार सेंटिमीटरच्या आत येत राहिले आणि नळी पुसल्यावर चिंधीवर वंगणाचा काळपटपणा आला, शिसे नाही. पाण्यात टाकून कठीण केलेल्या उरलेल्या गोळ्या वितळवून परत विटा केल्या. तांब्याच्या वाट्यांचा अर्धा भरलेला डबा मी फेकला नाही. माझ्या .३०८ मध्ये गोळी ०.३०९ ला साइझ होते. त्या डब्यातली वाटी मार्करने रंगवून त्या डायमधून काढली, तेव्हा भिंतीवरचा काळा रंग सगळीकडून एकसारखा निघून गेलेला होता.